मैनाचं पोट

आमी तीन-चार घोडीवाले सिंदेवाहीच्या पानठेल्यावर जमलो, का घोडीच्या पोटाच्याच गोष्टी! लगन कोनाचं होतं ते इसरतो. घोडीनं त्या दिवशी काय खाल्लं, ते नाई इसरत!

*

आमच्यातला दिवाकर नवाच. घोडी आनली आन बैलावानी नुसती धानाची तनस टाकून राह्यला!

म्या म्हनलं, "अबे, बैल बसून रवंथ करते. तुई घोडी रवंथ करताना दिसली का मले फोन कर!"

चार रोजानं खरंच फोन! "भाऊ, तोंड हालवून राह्यली!"

पळत गेलो. पाहतो तं दिवाकरची बनियान चावून राह्यली!

*

मंग यानं लाखोळी सुरू केली. जनावराचे डॉक्टर तापले, "बंद कर! घोडीचे मागचे पाय जातात यानं."

दिवाकर म्हने, "साहेब, आमी तं रोज लाखोळीचीच डाळ खातो!"

"तुले नवरदेव पाठीवर घेऊन नाचायचं हाये का बे?"

*

माही घोडी मैनाबी काई कमी नाई! मोहाची फुलं पडायचे दिवस, बारात रस्त्यानं चालली. मैनाले वास आला. नवरदेवासकट सुटली, ते सिद्धी मोहाच्या झाडाखाली! मुंडी खाली, फुलं खान्यात गुंग. लगाम ओढू ओढू माहे हात सोलले.

नवरीचा बाप दुरून बोंबलला, "जवाई पेत नाई म्हनून सांगलं होतं ना!"

*

आन ते उन्हाळ्यातलं लगन! नवरदेव चढायच्या आधी त्याची बहीन घोडीले भिजवलेली चना डाळ चारते. एक मूठ, बस! पन या नवरदेवाच्या चुलत, मावस, आते बहिनी मिळून अर्धं गाव! मी बँडवाल्यासोबत भांडून राह्यलो, तवर सगळ्याइनं ताटंच्या ताटं चारली!

म्या बोंब मारली, "पोट हाये का गोदाम?"

एक बाई फुगली, "काऊन? आमची डाळ हलकी हाये का?"

अर्ध्या रस्त्यात मैना थांबली. पाय आपटे, वळून वळून पोटाकडं पाहे. आंग घामानं ओलं! पोटाच्या या दुखन्यानं चांगली-चांगली घोडी जाते हो!

"उतर बे!" नवरदेवावरच खेकसलो. डॉक्टरले फोन लावला.

"काई चारू नको! लोळू देऊ नको! चालवत राह, आलोच!"

नवरदेवानं बाशिंगासकट लगाम धरला. "चल, मैनाबाई!" डॉक्टर आले, रस्त्यातच इंजेक्शन देल्लं. म्हने, "आता लीद पडली का जीवात जीव."

मंग काय! बँड बंद. सगळी बारात मैनाच्या मांगं, सगळ्याइचे डोळे शेपटीवर!

मांडवाच्या दारात सासूबाई ओवाळाले उभी. तिथीच मैनानं शेपूट उचललं...

"पडली! पडली! वाजवा बे!"

बँड सुटला! नवरदेव नाचला, डॉक्टरबी नाचले! म्या तं फेटाच फेकला!

सासूबाई लीदीकडं पाहे, मंग माह्याकडं पाहे. म्या हात जोडले, "बाई, घोडी वाचली!"

तिनं कुंकवात बोट बुडवलं. "जवाई, जरा सरका. आधी इचा मान!"

टिळा लावला. मैनानं मान वाकवली आन सिद्धं ताटातल्या अक्षदाइवर तोंड नेलं.

मी, डॉक्टर आन नवरदेव, तिघंबी एकदमच बोंबललो, "नाईईई!"