एका चुलीवरच्या भाकरी

भाकरी करपल्याचा वास आला की मला पंच्याहत्तर सालाच्या आसपास जालन्यात आमच्या चर्चमध्ये भरलेलं पुरुषांचं शिबिर आठवतं. आमची गल्ली न् पलीकडची गल्ली, दोघींना ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, पण जुनी जात काही सुटली नव्हती. एकमेकांच्या हातचं कुणी खात नसे. पाळकसाहेबांनी काय करावं? प्रार्थना शिकवायच्या आधी आमच्या मालकांना, ते शाळेत मास्तर, पलीकडच्या एका हमालभाऊंबरोबर एकाच चुलीवर बसवलं, न् बायांना आवारात यायची बंदी! मी आपली कुंपणावरून बघून राह्यले. ह्यांनी परातीत बदाबदा पाणी ओतलं. भाऊ म्हणाले, "मास्तर, दमानं! पीठ काय पळून न्हाई चाललं." ह्यांची भाकरी करपली, भाऊंची टम्म फुगली. मंग भाऊंनी आपली भाकरी ह्यांच्यापुढं धरली. ह्यांनी तुकडा मोडला, खाल्ला, न् आणखी एक मागितली. घरी येऊन मला म्हणतात, "भाऊंना रविवारी जेवायला बोलावलंय. भाकरी तेच करतील, तुला तशी जमत न्हाई." एरवी मी भांडलेच असते, पण तो टोमणा मला आजही गोड लागतो.