नवा होण्याआधी पुसलेला कंपायलर

मंडळी, बोईसरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. आपण सगळे मिळून लिहितोय त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर ऑफिसच्या मशीनवर सोर्स कोडपासून बांधत होते. डिस्क भरली, म्हणून सकाळी मी जुना पुसून टाकला. नवा अर्धवटच होता आणि तो पुरा करायला जुनाच लागत होता. ऑफिसचं उद्याचं कामही त्या जुन्यावरच होतं.

मी स्वतः जाऊन ऑफिसच्या सरांना सांगितलं. "विचारायचं तरी," एवढंच म्हणून त्यांनी माझ्याकडची ऑफिसची किल्ली काढून घेतली.

मुरब्याला, गावी घरी फोन केला. जाळं विणता विणता मला अक्षरं शिकवली ती बाबांनीच. ते म्हणाले, "बाय, नवं जालं पुरं व्हायच्या आदी जुनं कोन फाडतं? एवडं पन शिकली नाय तू?"

जुन्या कंपायलरची सीडी कुणाकडे आहे का? किल्ली परत मिळणार नाही बहुतेक. पण पुसलंय ते जागेवर ठेवायचंय.