एक बॅग भरलेली, एक रिकामी

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मालाचं वजन करतात तेव्हा पोत्याचं वजन वगळतात. पोतं म्हणजे बारदान, ते मालात धरत नाहीत. माझ्या धाकट्या भावाची गंगाखेडच्या मोंढ्यात अडत आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी मी कॅनडाला निघाले तेव्हा त्याने माझी भरलेली बॅग आपल्या काट्यावर चढवली, नुसत्या बॅगेचं वजन त्यातून वजा केलं आणि म्हणाला, "अक्का, बराबर तेवीस किलो भरलंय. काय फिकीर करू नको." शाळेत गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, पण मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, जुन्या लुगड्यांची दुपटी असं सगळं होतं. दुसरी बॅग मी मुद्दाम रिकामी घेतली होती. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लेकीला डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली म्हणून मला तिकडं जावं लागत होतं. पण सव्वा महिना झाला की मायलेकरांना घेऊनच यायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. येताना बाळाचं सामान त्या रिकाम्या बॅगेत. तसंही ती आणि जावई दोन वर्षांसाठीच गेले होते आणि दुसरं वर्ष सरत आलं होतं. घरी यायचा विषय काढला की ती म्हणायची, "बघू गं आई." मी त्याचा अर्थ 'हो' असाच घेत होते.

हैदराबादच्या विमानतळावर तिकीट नाही म्हणून भावाला दारातच अडवलं. मी एकटी आत गेले. काउंटरवरच्या पोरीने बॅग पट्ट्यावर ठेवायला लावली आणि म्हणाली, तेवीस किलोच चालतं, वजन जास्त आहे.

"बाई, बारदान वजा कर की!" मी म्हटलं.

तिला काही कळेना. मी मोंढ्याची रीत समजावून सांगितली.  तेव्हा ती हसू आवरत म्हणाली, "आंटी, विमानात बॅगपण चढते ना?" मी हबकलेच. एवढी साधी गोष्ट ना मोंढ्याला सुचली, ना शाळेला.

बरं, जास्तीचं दुसऱ्या बॅगेत टाकते म्हटलं, तर दुसरी बॅग न्यायचीच नाही म्हणे! लेकीने तर दोन सांगितल्या होत्या. पोरगी म्हणाली, तिकीट विकणारी कंपनी वेगळी, पण विमान आमचं. नियमही आमचा, बॅग एकच. याला कोडशेअर म्हणतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!  तिकीट विकायचं एकाने, विमान उडवायचं दुसऱ्याने, आणि नियम कुणाचा हे आम्हाला कळायचं थेट काउंटरवर. आमच्या एसटीत गाडी जिंतूर डेपोची निघाली म्हणून कुणी पिशवी उतरवायला सांगत नाही.

लेकीने माझ्या नावाचं एक कार्डही काढलं होतं. प्रवास केला की त्यावर मैल जमा होतात. निदान ते तरी पदरात पडावेत म्हणून मी नंबर पुढं केला. पोरीने मान हलवली. इतक्या स्वस्त तिकिटावर, त्यातून दुसऱ्या कंपनीच्या विमानात, मैल मिळत नाहीत म्हणाली.

रागाच्या भरात मी तिथूनच लेकीला फोन लावला. बॅगेचं ऐकून ती म्हणाली, "जाऊ दे गं, एकच आण." मैलांचं ऐकून मात्र ती हळहळली.

"असं कसं? मी किती विचार करून ते कार्ड काढलं होतं. तू दरवर्षी इकडं आली असतीस, तर पाचव्या-सहाव्या वर्षी एक तिकीट फुकट सुटलं असतं."

"पाचव्या वर्षी?" मी विचारलं.

 ती हळूच म्हणाली, "आई, आम्ही इथंच राहायचं ठरवलंय. तू आल्यावर सांगणार होते."

 माझ्या लेकीने माझ्या जाण्यायेण्याची पुढची कितीतरी वर्षं मांडून ठेवली होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. दिवस भरत आलेल्या पोरीवर ओरडणार तरी कसं? मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. भयंकर वाईट वाटत होतं. लाडवांचा एक डबा काढून खांद्यावरच्या पिशवीत कोंबला, मोठी बॅग पट्ट्यावरून आत गेली.

दारावरच्या जवानाला विनवून मी भावाला हाक मारली आणि दुसरी बॅग त्याच्याकडं सरकवली. त्याने ती उचलली आणि चकित होऊन माझ्याकडं बघितलं.

"अक्का, ही तर रिकामी हाय की. हिचं काय वजन व्हायलंय? वापस कशाला द्यायलीस?"

"घेऊन जा," मी म्हटलं. "येताना मी एकटीच येणार आहे."