अक्का हलल्या नाहीत

नेटचं लिमिट वाचवायचं म्हणून मी माझ्या थोरल्या जावेला, अक्कांना, त्यांच्या मुलासमोर पुतळ्यासारखं बसवत असे. अक्कांना जाऊन पाच आठवडे झाले. आता ओरडायला त्या नाहीत, म्हणून हा मूर्खपणा लिहून टाकते… संजूनंही वाचावा.

सहा वर्षं झाली असतील. कमरेचं हाड मोडल्यापासून अक्का मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या खालच्या खोलीत अडकून पडल्या होत्या. खिडकीतून दिसायची ती समोरच्यांची भिंत. एकुलता एक संजू अमेरिकेत, चार वर्षं आला नव्हता. म्हणून त्या खोलीत संगणक, कॅमेरा, ब्रॉडबँड, सगळं आलं. जोडणीला आलेला माणूस जाता जाता म्हणाला, "बाई, कॅमेऱ्यापुढं हालचाल जास्त झाली की नेट लै खातंय." झालं! मी शाळेत विज्ञान शिकवणारी, घरातल्या शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे. लिमिट संपलं की महिना संपेपर्यंत बोलणं बंद, तेव्हा मी फर्मान काढलं, संजू समोर असेतो कुणी हलायचं नाही. मान नाही, हात नाही, पदरसुद्धा सारखा करायचा नाही. अक्का बिचाऱ्या खोकला गिळायच्या. एकदा म्हणाल्या, "डोळं तरी मिटू का गं?" मी म्हटलं, "मिटा, पण हळू." अशी मी हुशार!

त्या रविवारी सकाळी माझ्याकडून वेणी घालून घेताना त्या म्हणाल्या, "विमल, आज मी त्येला ये म्हणतो. लै झालं आता."

"म्हणा की. पण न हलता म्हणा."

संजू दिसला, नेहमीसारखा हसत. "मी मजेत आई, तू कशी आहेस?" अक्का शब्द जुळवत राहिल्या… चार वर्षांचा एक शब्द, तो चटकन थोडाच येतो! मी शेजारी श्वास धरून. "आई? ऐकू येतंय का?" दोनदा हाक मारून तो पुटपुटला, "चित्र अडकलं वाटतं." आणि त्याचं हसू गळून पडलं. दोन्ही हातांत तोंड धरून तो त्या अडकलेल्या चित्राशी बोलू लागला. "नोकरी गेली गं आई. व्हिसाचे कागद अडकलेत. इथनं निघालो तर परत घेणार नाहीत… आणि तिकडं येऊन तोंड कुणाला दाखवू?" मी बोलायला गेले, तर अक्कांनी कॅमेऱ्याला दिसणार नाही असा माझा गुडघा गच्च दाबला. त्या दिवशी त्या हलल्या नाहीत, ते माझ्या फर्मानामुळं नव्हे. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, तेही पुसलं नाही. चित्र एवढं पुसट यायचं की त्याला ते दिसलं नसणार.

त्यानं बंद केलं. पाच मिनिटांनी साधा फोन वाजला, आवाज पुन्हा हसरा. "आई, नेट अडकलं होतं बघ." अक्का म्हणाल्या, "व्हय बाळा, हितंबी अडकलं हुतं." 'ये' हा शब्द त्यांनी त्या दिवशी काढला नाही, पुढंही कधी नाही. संजू आला तो थेट त्या गेल्यावर, तिसऱ्या दिवशी.

फोन ठेवल्या ठेवल्या मी चिडून विचारलं होतं, "अक्का, समोर होता, का नाही म्हणालात ये?" पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या,

"गप की! त्येला नेट अडकलंय असंच वाटू दे. रडताना आईनं बघितलं हे कळलं, तर पुढच्या रविवारी त्यो माझ्यासमोर बसायचाबी न्हाय."