हेल्मेटच्या आतलं कुंकू

हसायचं तर हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. माझ्या हातून मोठा गाढवपणा झालाय.

गेल्या वर्षी दुबईत इनडोअर लॅक्रॉसची व्यावसायिक लीग सुरू झाली. लॅक्रॉस माहितीये का? मलाही नव्हतं हो. हातात काठी, काठीच्या टोकाला जाळी, जाळीत रबरी चेंडू, आणि तो गोलात मारायचा. हे सगळं बंद हॉलमध्ये, एकमेकांना धडका देत. त्यातल्या एका टीमचं सामान सांभाळायची नोकरी मला लागली. हेल्मेटं पुसायची, जाळ्या बांधायच्या, जर्सी धुवायच्या. शारजाच्या अल नहदाहून रोज बसने जायचो.

नोकरी प्रोबेशनवर. मॅनेजर डग साहेब, कॅनडाचे, सव्वासहा फूट. पहिल्याच दिवशी दम भरला होता, "सामानाला माझ्या परवानगीशिवाय काही लावायचं नाही. स्टिकरसुद्धा नाही. लावलं तर खलास." 'खलास' हा एवढा एकच अरबी शब्द त्यांना येत होता. आणि इथे नोकरी खलास म्हणजे व्हिसा खलास, म्हणजे बायको-मुलगी घेऊन थेट सातारा. त्यात मुलीचं दहावीचं वर्ष.

सीझनचा पहिला सामना आला नेमका दसऱ्याला.

सकाळी बायको म्हणाली, "अहो, ज्याच्यावर पोट चालतं त्याची आज पूजा नको? मामंजी आयुष्यभर लेथ मशीनला हळदकुंकू वाहत होते."

"अगं, साहेबांनी बघितलं तर?"

"देवाचं करायला साहेबांना कशाला विचारायचं?"

मुलगी सिरियल खाता खाता म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट. दे विल फायर यू."

आता सांगा, मी काय करायचं? साहेबांची भीती होतीच. पण पूजा चुकवली आणि एखाद्याचा पाय मोडला तर? ते आयुष्यभर मनाला लागलं असतं. दोन्ही भीत्या खिशात घालून, कुंकवाची पुडी घेऊन मी हॉलवर पोचलो.

ड्रेसिंग रूममध्ये कुणी नव्हतं. वीस हेल्मेटं ओळीत मांडलेली. वरून टिळा लावला तर दिसणार, म्हणून मी डोकं चालवलं. आतल्या बाजूला, कपाळ टेकतं त्या फोमवर लावायचा. कुंकू पाण्यात कालवलं, छान ओलं केलं आणि वीस हेल्मेटांना आतून वीस टिळे लावले. फोम काळा, कुंकू वाळलं, कुणाला दिसतंय? स्वतःच्या अकलेवर मी जाम खूश होतो.

सामना सुरू झाला. दहा मिनिटांत आमच्या गोलकीपरने पाणी प्यायला हेल्मेट काढलं आणि समोरच्या बाकावरची बाई किंचाळली. त्याच्या कपाळावरून लाल ओघळ नाकापर्यंत आला होता.

खेळाडूंना घाम किती येतो, हे त्यांच्या जर्सी धुणाऱ्या माणसाला सुचू नये?

रेफरीने शिट्टी मारली. दुसऱ्याने हेल्मेट काढलं, तोही लाल. मग तिसरा, मग पाचवा. बघता बघता आमची अख्खी टीम रक्तबंबाळ, आणि दुखतंय मात्र कुणालाच नाही. समोरची टीम मागे सरकत सरकत पार भिंतीला टेकली.

सामन्याच्या डॉक्टर धावत आल्या. केरळच्या होत्या. चार कपाळं तपासून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "चोट कहीं नहीं है. पर सबको एक ही जगह से?"

मी खाली वाकून एका काठीची जाळी बांधायला लागलो.

डग साहेबांनी एक हेल्मेट उलटं केलं, फोमवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आत कुणीतरी काहीतरी लावलंय. केमिकल असेल. पोलिसांना फोन करा."

पोलीस म्हटल्यावर सगळंच खलास. डोळ्यांसमोर विमानतळ, तीन बॅगा आणि मुलीचा चेहरा. आणि माणूस घाबरला की किती शहाणपणा करतो बघा. मी पुढे होऊन म्हणालो, "सर, पोलीस कशाला? बाहेरचाच कुणीतरी असणार. मी शोधतो ना. आज संध्याकाळपर्यंत तो माणूस तुमच्यासमोर उभा करतो."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टरही बघायला लागल्या. मग त्या कापूस घेऊन माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आपको भी?"

त्यांनी माझं कपाळ पुसलं. कापूस लालभडक. पूजा करणारा माणूस स्वतःला टिळा लावल्याशिवाय राहतो का? एसी फुल असताना मला भीतीने असा घाम फुटला होता की माझाही ओघळ भुवईपर्यंत आला होता. आणि लाल कपाळवाल्यांत हेल्मेट न घातलेला मी एकटाच.

डॉक्टरांनी कापूस नाकाशी नेला. "कुंकुमम्," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर हात धरून हसायला लागल्या.

मग मी रडत रडत सगळं सांगितलं, दसरा, वडील, लेथ मशीन, सगळं. साहेबांनी एकेक हेल्मेट माझ्यासमोर आणून ठेवलं. शेवटी म्हणाले, "वीस हेल्मेटं. वीस मिनिटं. धू."

नोकरी राहिली. पण साहेबांनी हेड ऑफिसला जो रिपोर्ट पाठवला, त्यात माझ्याबद्दल एकच ओळ होती, "या माणसाने गुन्हेगार संध्याकाळपर्यंत आणून देतो म्हणून सांगितलं होतं, आणि एका मिनिटात आणून दिला."