पालातलं घर

माझ्या लग्नाची बोलणी एका शब्दावरून मोडता मोडता राहिली. आंबागडला आमच्या घरापुढच्या छपरीत मामा स्थळ घेऊन आला होता. आंधळगावचं शेतकऱ्याचं घर, धाकटा मुलगा, अंगापिंडानं मजबूत, विडीसुद्धा ओढत नाही. इथवर सगळं झकास चाललं होतं. मग बाबांनी विचारलं, मुलगा राहतो कुठं? मामा म्हणाला, "पालात राह्यते."

आई चहा गाळत होती, ती गाळणी धरून तशीच उभी राहिली. आमच्याकडे पाल म्हणजे गावाबाहेर उतरणाऱ्या फिरस्त्यांचा तंबू, दोन काठ्यांवर टाकलेलं फडकं. विळे-कोयते घडवणारी माणसं यायची, पाल ठोकायची आणि एका सकाळी चुलीची राख मागे ठेवून निघून जायची. "वावर असून पालात काहून राह्यते?" बाबांचा आवाज चढला. "घरच्याईनं हाकलून देल्लं काय त्याले?" मामाला कळेना आपलं चुकलं कुठं. त्याला म्हणायचं होतं, पालाच्या नावेत राहतो. वाऱ्यानं फुगून नाव ओढणारं जे कापड, ते पाल.

खरं तर चूक नवरदेवाचीच होती. हा माणूस मिसरूड फुटायच्या आधी घरातून पळाला होता आणि रत्नागिरीकडं गलबतांवर राबून परत आला होता. तिकडं त्या कापडाला शीड म्हणतात. आंधळगावात शीड म्हटलं तर लोक तोंडाकडं बघायचे, म्हणून यांनी हिंदीतला पाल उचलला. मग सगळ्या मोहाडी-तुमसरात यांचं नाव पालवाला पडलं, आणि पुढं मी पालवाली झाले.

बाबा स्वतः माडगीच्या घाटावर जाऊन नाव बघून आले. जन्म जंगलाच्या कामात गेलेला, त्यामुळे आधी त्यांनी लाकूड ठोकून पाहिलं असणार. परत आले ते खाटेवर बसून म्हणाले, "सागाची हाये. पोरगाबी चांगला हाये. पर त्याचं बूड कोठीच टेकत नाई." माझं मत कुणी विचारलं नाही. मला मात्र ते ऐकून मनातून गुदगुल्या झाल्या होत्या. माझंही बूड कुठं टेकत नव्हतं. धान निंदायला बसले तरी माझं लक्ष बांधापलीकडं असायचं.

बाबांनी होकार दिला तो एक अट घालून. "पह्यल्या लेकरापर्यंत जमिनीवर घर पाह्यजे." हे लगेच हो म्हणाले. हो म्हणायला यांचं काय जात होतं, लेकरू तेव्हा होतंच कुठं! बाबांनी मात्र शब्द पक्का धरला. लग्नाचा मांडव उतरायच्या आत त्यांनी सुताराला बोलावून सागाची दाराची चौकट करून घेतली आणि छपरीत भिंतीला टेकवून ठेवली. चौकट मी दिली, घर तुम्ही बांधा, असा त्याचा अर्थ होता.

नाव म्हणजे एक जुनी उताऱ्याची नाव, माणसं आणि सायकली पार नेणारी. यांनी ती विकत घेऊन तिच्यावर फळ्या चढवल्या होत्या, मधे बांबूच्या तट्ट्यांची बुटकी खोली केली होती आणि पुढं डोलकाठी उभी केली होती. खोलीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. चूल पत्र्यावर माती लिंपून केलेली. पहिले काही दिवस मला इतकं मळमळत होतं की आईनं दिलेले लाडू मी माशांना चारले. भांडं ठेवलं तिथं राहायचं नाही. मी चिडून ताट आपटलं तर तेही घरंगळत पाण्यात गेलं. हे हसले, आणि मी दिवसभर यांच्याशी बोलले नाही. तेवढ्याशा नावेत न बोलता राहणं किती कठीण असतं ते ज्याचं त्यानं करून बघावं.

भादव्यापासून माघापर्यंत आमचा संसार चालता असायचा. घाटाघाटावरच्या नावाड्यांच्या नावा गळायला लागल्या की हे सांध्यांत कापूस आणि राळ भरून द्यायचे. माडगीहून भंडारा, तिथून खाली पवनी. जाताना वारा आणि धार दोन्ही आमच्या बाजूनं, येताना बांबू रेटून हात सोलायचे. हळूहळू मला पाल ओढायची लत लागली. दोरी हातात आली आणि कापड फुगलं की पोटात काहीतरी सुटं व्हायचं. दोन दिवस एका घाटावर काढले की तिसऱ्या दिवशी मीच टोचायला लागायची, "आता काय इथं मुळं धरून राहिले काय आपण?"

उन्हाळ्यात मात्र नदी आटायची. सगळी वैनगंगा तुटून तिचे डोह व्हायचे आणि नाव रेतीवर बसायची. ते दिवस मला खायला उठायचे. मी नावेच्या या टोकाहून त्या टोकाला येरझारा घालायची. माहेरी गेले तरी तेच. एका जागी उभी राहिले की डुलायची, वहिनी म्हणायची, "हिले भोवळ येऊन राहिली पाहा." आणि छपरीत ती चौकट उभी. लेकरू काही होत नव्हतं. बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या, पाण्यावर कूस धरत नाही. बाबा येता-जाता चौकटीला तेलाचा हात फिरवायचे. मला त्या लाकडाचा राग यायचा आणि लगेच रडूही यायचं.

काही वर्षांनी दिवस राहिले. आनंदाचा भर ओसरायच्या आधीच यांचा चेहरा उतरला. हे भावांशी बोलून आले. आंधळगावच्या घरातली एक खोली रिकामी करायची ठरली. मी म्हटलं, "मला विचारलंत?" हे म्हणाले, "शब्द दिला आहे."

"शब्द तुम्ही दिला, मी नाही."

मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि मागं यांनी डोलकाठी उतरवून ठेवली.

चैत्रात मुलगी झाली. सव्वा महिना मी आंबागडला कसा काढला ते माझं मला माहीत. भिंती स्थिर, खाट स्थिर, अंगणातली गाय स्थिर. मुलीला मांडीवर घेऊन मीच डोलायची आणि ती डोळे मोठे करून बघायची. निघायच्या दिवशी बाबांनी बैलबंडी जुंपली, आंधळगावच्या वाटेनं. माझ्या आग्रहावरून बंडी आधी नदीवर नेली.

ज्येष्ठ अजून लागायचा होता. पाण्याची रेघ पार पलीकडं गेली होती आणि आमची नाव कोरड्या रेतीवर बसली होती. हे तिच्या सावलीला दोर वळत होते. मी मुलीला घेऊन वर चढले, गोणपाट सारला आणि आत मांडी ठोकून बसले.

"बाबा, जमिनीवर घर म्हटलं होतं ना तुमी? हे पाहा. जमिनीवरच हाये."

यांच्या हातातला दोर थांबला. बाबा म्हणाले, "अन् पाणी आल्यावर?"

"मंग पाहू."

मी चहा ठेवला होता. तो न घेताच त्यांनी बैल वळवले. बंडी काठावर चढून दिसेनाशी झाली तेव्हा माझा सगळा तोरा गळाला. बापाला मी शब्दात पकडलं होतं, आणि बाप निघून गेला होता. तरी यांना म्हटलं, "ती काठी उभी करा."

पाणी आलं, नाव उचलली गेली, पुराचे दिवस आम्ही एका ओढ्याच्या तोंडाशी बांधून काढले. आंबागडाहून निरोप नाही, माणूस नाही. नदी चालायला लागली तरी या वेळी माझं मन पालात नव्हतं. प्रत्येक घाटावर मी आधी काठाकडं बघायची. बंडी दिसली की उठायची, दुसऱ्याची निघाली की मुलीवर खेकसायची. ती बिचारी हसायची. बाबा रागावले असते तर मी भांडले असते. ते गप्प राहिले याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

पोळा होऊन पंधरा दिवस झाले आणि माडगीच्या घाटावर आमचीच बंडी उतरताना दिसली. बैलांच्या शिंगांना अजून रंग होता. बंडीत ती चौकट आडवी टाकलेली. आंधळगावची खोली झाली असणार, आणि बाबा चौकटीसकट मला न्यायला आले. मी मुलीला घट्ट धरलं.

बाबांनी आणि यांनी मिळून चौकट रेतीवर उतरवली. बाबा म्हणाले, "घराले दार पाह्यजे. लेकरू रांगाले लागीन अन् त्या गोणपाटातून सीधं पाण्यात जाईन."

हे चौकटीभोवती फिरले आणि बाबांना चाचरत म्हणाले, "मामाजी, ही नाही बसणार. खोली बुटकी आहे."

"मले डोये नाईत काय, जवाईबापू? आरी काढा बंडीतून."

एवढी वर्षं तेल पाजून सांभाळलेले ते उभे खांब बाबांनी स्वतः कापले. यांना आरीला हात लावू दिला नाही. भुसा त्यांच्या धोतरावर पडत होता आणि मी तोंडात पदर कोंबून उभी होते. उंबरठा तेवढा त्यांनी अख्खा राखला, खांबांखाली पुन्हा बसवला. सगळं ठोकून झालं तेव्हा नाव पुढून थोडी वाकली. यांनी मागं दोन धोंडे ठेवून ती सारखी केली.

बाबा उंबरठ्यावर बसले, नात मांडीवर. मी चहा दिला, तो त्यांनी घेतला. मग खुंट्याला बांधलेल्या दोराकडं बघून म्हणाले, "हे काहून बांधून ठेवलं?"

मी म्हटलं, "तुमी आले म्हून."

"मंग सोडा ना," बाबा म्हणाले. "मी काय उभ्या नावेत बसाले आलो?"