पिवळ्या रानातला निळा घोडा

आमच्या गल्लीतल्या चित्रकाराचे रंग इतके भडक, की मे महिन्यातलं सोलापूरचं ऊनसुद्धा त्याच्या दारात डोळ्यांवर हात घेतं. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. म्हशी जांभळ्या, शेळ्या तांबड्या. चार रेघांत अख्खं जनावर, मागं दोन पट्ट्यांत रान आणि आभाळ. बोलायला मात्र महाकंजूष. "व्हय" आणि "बघू की" एवढ्यावर त्याचं अख्खं वर्ष निघतं.

शेजारच्या टांगेवाल्या चाचांचा म्हातारा घोडा मेला. त्याचा एकही फोटो नव्हता, म्हणून चाचांनी याला चित्र काढायला सांगितलं. यानं पिवळ्याधमक ज्वारीत निळा घोडा उभा केला.

चाचा उसळले. "मेरा घोडा तो सफेद था रे! आणि ह्याची झापडं कुठायत? लगाम?"

"उतरवून ठेवलं."

"का म्हणून?"

"आता कशाला लागतंय, चाचा?"

चाचांनी हळूच चित्रातल्या घोड्याच्या मानेवर हात ठेवला, रोज थोपटायचे तसा. रंग ओला होता. मान फिसकटली. मी ओरडणार, तोच चित्रकारानं माझा दंड घट्ट धरला.

"थांबा. त्यांचं होऊ द्या."

चाचा बराच वेळ थोपटत राहिले.

चित्र वाळल्यावर त्यानं कुठंही ब्रश लावला नाही. मानेवरच्या पाची बोटांसकट ते तसंच चाचांच्या घरी नेऊन टांगलं.